घरच्या तबकड्यांची राखण



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगारवाढीवर, बोनसवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे लोक धरूनच चालतात. चालकांनी आम्हाला विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा आम्ही सांगितलेला विषय ऐकून त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले. विषय असा की, आपल्या घरोघरच्या कपाटांत सीडी आणि डीव्हीडी या नावाच्या ज्या तबकड्या पडून आहेत, त्यांवरची चित्रे कॉम्प्युटरवर कशी उतरवून ठेवावीत, आणि मुळात का उतरवून ठेवावीत. हा विषय एखाद्या फोटो स्टुडिओवाल्याने सांगावा, त्यात कामगार कार्यकर्त्याने का पडावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर बोलण्याच्या ओघात आपोआप मिळेल, म्हणून ते आताच देत नाही.

आमचे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. जे काही येते ते कारखान्यातल्या जोडीदारांकडून, वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि चारचौघांना विचारून शिकलो. त्यामुळे आम्ही जे सांगू ते हाताने केलेले आणि साध्या शब्दांत असेल.

प्रथम, या तबकड्यांवर आहे काय ते पाहू. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या पट्ट्यात कोणत्याही कामगाराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरी जा. टीव्हीखालच्या कप्प्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत एक पिशवी सापडेल. त्यात दोन प्रकारचा माल असतो. एक, विकत घेतलेले चित्रपट. नोएडाच्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास अनेक भारतीय भाषांतले चित्रपट व्हीसीडीवर २८ रुपयांना आणि डीव्हीडीवर ३४ रुपयांना विकायला काढले. त्यापूर्वी शंभर-दोनशे रुपये मोजावे लागत. सिनेमा गरिबाच्या घरात विकत येऊन बसला तो असा. २०१८ मध्ये ती कंपनीच अवसायनात निघाली. तबकड्या मात्र घरात राहिल्या.

दुसरा प्रकार म्हणजे घरची शूटिंग. मुलीचे लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत, नातवाचे बारसे, वडिलांची एकसष्टी, गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन. साधारण २००० पासून पुढची दहा-बारा वर्षे आपल्या भागातली लग्ने या तबकड्यांवर नोंदली गेली. त्याआधी कॅसेट होती, त्यानंतर मोबाइल आला. मधला काळ तबकडीचा. त्या काळात आमच्या संघटनांनीही हौशीने व्हिडिओवाले बोलावले. गेटसभा, मोर्चे, साखळी उपोषणे, करारावर सह्या होतानाचे प्रसंग, निवृत्त होणाऱ्या जोडीदारांचे निरोप समारंभ, हे सारे तबकड्यांवर आहे. त्यांतले कित्येक कारखाने आता बंद आहेत. काहींच्या जागी गोदामे आली, काहींच्या जागी बंगल्यांच्या वसाहती. गेट नाही, भोंगा नाही, पाळीही नाही. त्या गेटवर माणसे कशी उभी राहत, कशी बोलत, घोषणा कोण देत असे, हे ज्या मोजक्या ठिकाणी उरले आहे, त्यांत कपाटातली ही पिशवी एक आहे.

आता ही पिशवी सांभाळण्याची एवढी निकड का, याचा विचार करू.

कर्जतहून निघालेली गाडी पळसदरीवरून बोरघाट चढते. तो रेल्वेमार्ग १८५६ मध्ये हाती घेतला आणि १८६३ मध्ये पुरा झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट तडीस नेले, हेही लिहून ठेवलेले आहे. त्या बाईंच्या धैर्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्या हजारो मजुरांनी दोराला लोंबकळत कातळाला सुरुंग लावले, जे दरडीखाली आणि पटकीने घाटातल्या तळांवर मेले, त्यांची नावे, त्यांचे चेहरे, त्यांचा आवाज कोठे आहे? पुढे लोणावळ्याकडचे पाणी घाटाखाली आणून खोपोलीला १९१५ मध्ये वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. ते अजस्र नळ डोंगरावर चढवणाऱ्या माणसांचीही तीच कथा. कष्ट राहिले, कष्टकरी पुसला गेला. त्या काळी साधनेच नव्हती, म्हणून कोणाला दोष देता येत नाही. पण साधने हाती आली, चित्रे घेतली गेली, आवाज भरला गेला, आणि केवळ तबकडी पिशवीत कुजली म्हणून ते गेले, असे आपल्या पिढीत झाले तर पुढच्यांनी आपल्याविषयी काय म्हणावे?

ही भीती काल्पनिक नाही. ज्या सिनेमाचा आपल्याला अभिमान वाटतो त्याचेच उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज शिल्लक आहे. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या घरात चित्रपट निघाले, त्यांतले बोटांवर मोजण्याजोगे उरले. चित्रपट जपण्यासाठी पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पण तोपर्यंत पुष्कळ माल भंगारात गेला होता. पुढे त्याच पुण्यात ८ जानेवारी २००३ या दिवशी जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि राखलेल्यातलेही बरेच भस्म झाले. ज्यांना नाव होते, ज्यांच्यासाठी सरकारी संस्था होती, त्यांची ही गत. तर तुमच्या-आमच्या ट्रंकेतल्या तबकडीला राखणदार कोण?

आणि तबकडी कुजली नाही तरी ती वाचणारे यंत्र राहील, याचीही खात्री नाही. व्हिडिओ कॅसेटचे यंत्र बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची मोठी कंपनी. तिने २०१६ मध्ये ते उत्पादन थांबवले. आज ज्यांच्याकडे कॅसेट आहे ते यंत्रासाठी गावोगाव विचारत फिरतात. घरी भरण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनी कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केले. नव्या लॅपटॉपला तबकडी घालण्याची खाचच नसते. दोन हजार रुपयांच्या आत मिळणारा यूएसबीचा जोड-ड्राइव्ह आज बाजारात आहे, म्हणून हे काम आज होण्यासारखे आहे. ते आणखी दहा वर्षांवर टाकू नये, इतकेच आमचे म्हणणे.

तबकडी बिघडते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. कारखान्यात छापलेली तबकडी आणि व्हिडिओवाल्याने दुकानात भरलेली तबकडी, या दिसायला बहिणी असल्या तरी जात निराळी. छापील तबकडीत प्लास्टिकवर सूक्ष्म खळगे ठोकलेले असतात आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. दुकानात भरलेल्या तबकडीत एक रंगाचा थर असतो. लेसरच्या किरणाने तो जागोजाग भाजून खुणा केलेल्या असतात. रंग म्हटला की तो उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने फिका पडायचाच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चपलांवर बुरशी चढते, तेथे तबकडीची काय कथा! म्हणून आमचा पहिला नियम असा की, लग्नाची तबकडी आधी आणि सिनेमाची मागून. सिनेमा गेला तर तो दुसरीकडे कोठेतरी मिळेल. तुमच्या आईचा आवाज दुसरीकडे मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सीडीतली माहिती चकचकीत बाजूला नसून लेबलाच्या बाजूला, अगदी वरच्या लाखेच्या थराखाली असते. त्यामुळे खालच्या बाजूचा ओरखडा कधी कधी पॉलिश करून निघतो, पण लेबलाच्या बाजूने खरवडले की माहितीच खरवडली जाते. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असते, म्हणून ती त्या मानाने सुरक्षित; पण तिच्यावर कागदी लेबल चिकटवले तर ती वाकते आणि तोल बिघडतो. तबकडी पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ रेषेत. ताटासारखी गोल गोल पुसू नये. गोल ओरखडा खुणांच्या ओळीबरोबर धावतो आणि लांबवर माहिती बुडवतो. आडवा ओरखडा ओळ ओलांडून जातो, तो यंत्र बहुधा सावरून घेते.

आता प्रत्यक्ष उतरवण्याची कृती.

व्हीसीडी असेल तर तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘डीएटी’ या शेपटीची मोठी फाइल असते. एका व्हीसीडीवर सुमारे सव्वा तासाचे चित्रण मावते, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन चकत्या लागत. ती फाइल साध्या रीतीने उचलून कॉम्प्युटरवर ठेवली तरी व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअरवर ती चालते. अडचण ओरखड्याची. साध्या डेटा सीडीत चूक दुरुस्त करण्याची जी जादा सोय असते, ती व्हीसीडीच्या चित्रभागात नसते. तेथली जागा चित्रालाच दिलेली असते. त्यामुळे टीव्हीजवळचा प्लेअर ओरखड्यावरून धक्का खाऊन पुढे जातो, पण कॉम्प्युटर नक्कल करताना तेथेच अडून बसतो. अशा वेळी तबकडी फुकट गेली असे समजू नये. सुटका करणारे प्रोग्रॅम आहेत, त्यांकडे येतोच.

डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर असतो आणि चित्रण एकेक जीबीच्या आतल्या तुकड्यांत कापलेले असते. नवशिके लोक त्यांतले दोन-तीन तुकडे उचलतात आणि लग्न झाले म्हणून समाधान मानतात. पुढे पाहावे तो सप्तपदीच राहिलेली असते. म्हणून सगळ्या तबकडीची एकच सलग प्रतिमा काढावी. तिला आयएसओ म्हणतात. ती तबकडीची हुबेहूब नक्कल; व्हीएलसीत उघडली की यादीसकट चालू होते. चांगल्या तबकडीला वीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी माल असतो, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर दोनशेहून अधिक तबकड्या बसतात. एका मोठ्या आळीची सगळी लग्ने खिशात मावतील एवढ्या डबीत राहतात.

आयएसओ ही मूळ प्रत. ती जशीच्या तशी राखावी. पाहण्यासाठी मात्र दुसरी, लहान प्रत करावी. त्यासाठी हँडब्रेक नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याने एमपी-फोर फाइल तयार होते आणि ती मोबाइलवर, टीव्हीवर, कोठेही चालते. जुन्या चित्रणात हालचालीच्या कडांना फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. त्या काळच्या टीव्हीसाठी चित्र एकआड एक ओळींत विभागलेले असे, त्याचा हा परिणाम. लहान प्रत काढताना त्या मोडण्याची खूण प्रोग्रॅममध्ये करता येते. पण लहान प्रत निघाली म्हणून मूळ प्रत पुसू नये. तांदूळ कांडून झाला की त्याचे भात होत नाही, आणि तांदूळ पेरून उगवत नाही. कर्जतकरांना ही गोष्ट आम्ही सांगायला नको.

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पुष्कळ पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. मग लोक म्हणतात, ड्राइव्ह रिकामा असूनही जागा नाही कशी? ड्राइव्हला दोष नाही. त्यावर लहान प्रत घालावी.

वाचता न येणाऱ्या तबकडीचे काय? प्रथम ती हलक्या हाताने पुसावी. मग दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, कारण एका यंत्राला न दिसणारी खूण दुसऱ्याला दिसते. तरीही अडली तर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो अडलेल्या जागी डोके आपटत बसत नाही. आधी जेवढे सोपे तेवढे सारे वाचून घेतो, कोठे वाचता आले नाही त्याची नोंद ठेवतो, आणि मग पुन्हा पुन्हा त्या राहिलेल्या जागांकडे वळतो. तीच नोंद घेऊन दुसऱ्या यंत्रावर काम पुढे चालवता येते. वाटाघाटी कशा कराव्यात हे आम्ही नव्या कार्यकर्त्यांना शिकवतो तेव्हा हेच सांगतो: मिळेल ते आधी पदरात घ्या, राहिलेले लिहून ठेवा आणि पुन्हा बसा. काही हँडी कॅमेऱ्यांच्या लहान तबकड्या, भरल्यानंतर ‘फायनलाइज’ केलेल्या नसतात. त्या कॉम्प्युटरला कोऱ्या वाटतात. त्या फेकून देऊ नयेत. तो कॅमेरा किंवा त्याच जातीचा दुसरा कॅमेरा मिळाला तर काम होते.

उतरवून झाले की तपासावे. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी चित्र आणि आवाज पाहावा. मग फाइलला नाव द्यावे. ‘न्यू फोल्डर दोन’ या नावाखाली किती घरांचे सणवार गाडले गेले आहेत, हे देवच जाणे. नावात वर्ष, महिना, गाव आणि प्रसंग असावा. त्याबरोबर एका साध्या वहीत चित्रात कोण कोण आहे ते लिहावे. हे काम घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारून करावे. वरातीत डोक्यावर दिवा घेतलेली बाई कोण, हे आज आजीला माहीत आहे, उद्या कोणालाच माहीत असणार नाही. कॉम्प्युटरला हे सांगता येत नाही. बोरघाटच्या मजुरांचे जे हरवले ते हेच, नाव आणि चेहरा यांची जोड.

आता कायद्याविषयी. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. पैसे देऊन कोणी चित्रण करवून घेतले, तर उलट करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक करवून घेणारा असतो, असे त्याचे १७ वे कलम सांगते. म्हणजे लग्नाचे चित्रण ज्याने पैसे मोजले त्याचे. त्याची नक्कल तो करू शकतो. मात्र व्हिडिओवाल्याने मागे जी सिनेमाची गाणी लावलेली असतात ती दुसऱ्याची आहेत. घरात बसून पाहण्याला हरकत नाही, पण ते चित्रण चव्हाट्यावर टाकायचे झाल्यास विचार करावा. विकत घेतलेल्या सिनेमाची गोष्ट निराळी. २०१२ च्या दुरुस्तीपासून ५२ व्या कलमात खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराला मुभा आहे. त्याच दुरुस्तीने ६५-अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने तबकडीवरचे संरक्षणाचे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून कुलूप असलेल्या तबकडीच्या बाबतीत वकिलाचा सल्ला घ्यावा. पण कायद्याच्याही आधी आमची कामगारांची एक नीती आहे. सिनेमा हा पडद्यावरच्या नटाबरोबर सुताराच्या, रंगाऱ्याच्या, दिवे धरणाऱ्या पोऱ्याच्या घामाने होतो. कर्जतजवळ २००५ मध्ये नितीन देसाई यांचा स्टुडिओ उभा राहिला. तेथे किल्ले आणि राजवाडे उभे करायला किती हात लागतात हे आपल्या भागातल्या लोकांनी जवळून पाहिले. दुसऱ्याच्या श्रमाच्या नकला काढून बाजारात विकणे हे आपल्यासारख्यांना शोभणारे नाही. ज्या चित्रपटाला प्रदर्शित होऊन साठ वर्षे उलटली, त्यावरचा हक्क संपतो. तोवर स्वतःच्या प्रतीपुरते पाहावे.

या सगळ्यावर दोन आक्षेप येतात. पहिला तरुणांचा. ते म्हणतात, “काका, सगळे क्लाउडवर टाका, कशाला डब्या सांभाळता?” टाकावे, अवश्य टाकावे. पण तो भाड्याचा गाळा आहे, हे विसरू नये. भाडे थांबले, पासवर्ड विसरला, किंवा मालकाने अटी बदलल्या की सामान रस्त्यावर. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. क्लाउड ही एक प्रत असावी, एकमेव प्रत असू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो असा की, ज्याला दोन वेळची भ्रांत आहे त्याला तुम्ही आठवणी सांभाळायला काय सांगता? हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांनी गरिबाचे घर आतून पाहिलेले नसते. आम्ही एका जोडीदाराच्या पत्नीला ओळखतो. नवरा पाळीवरून परतताना अपघातात गेला. त्याच्या पश्चात त्याचे बोलणे एकाच ठिकाणी उरले होते, धाकट्या दिराच्या लग्नाच्या तबकडीवर. पंगतीत वाढताना तो कॅमेऱ्याकडे बघून, “अरे, माझं काय काढतोस, नवरदेवाचं काढ,” एवढेच म्हणतो. चार सेकंदांचे ते बोलणे. तबकडी तेथेच अडू लागली होती. संघटनेच्या कचेरीत दोन पोरांनी एक रात्र खपून ते चार सेकंद बाहेर काढले. त्या बाईने नुकसानभरपाईच्या कागदावर ज्या हाताने अंगठा दिला होता, त्याच हाताने पदराच्या टोकात तो पेन ड्राइव्ह बांधला. ही चैन आहे असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. आम्ही म्हणणार नाही.

तबकड्या किती ठिकाणी ठेवाव्यात, हा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जाणकार सांगतात की तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक दुसऱ्या गावी असावी. आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. बियाण्याचे भात तो सगळे एकाच कणगीत ठेवत नाही. थोडे भावाकडे, थोडे सासुरवाडीला असते. हार्ड डिस्क ही काही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. तीही पडते, जळते, एके दिवशी फिरायची थांबते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ती लावून पाहावी आणि पाच-सात वर्षांनी सारा माल नव्या डिस्कवर हलवावा.

एक प्रत दुसऱ्या गावी का, हे या तालुक्यांत सांगताना आवाज जड होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. माणसांपुढे वस्तूंची गोष्ट काढू नये हे आम्हाला कळते. पण जे वाचले त्यांच्याकडे गेलेल्यांचे काय राहिले, हा विचार तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही. घराबरोबर फोटोही मातीत जातो. ज्या घराची एक प्रत पनवेलच्या मावशीकडे किंवा कल्याणच्या मामाकडे असेल, त्या घराला निदान चेहरा तरी परत मिळेल. डोंगराच्या कुशीत आणि उल्हास-पाताळगंगेच्या काठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

हे काम एकेकट्याने होणारे नाही, आणि येथेच कामगार कार्यकर्त्याने या विषयात का पडावे याचे उत्तर आहे. सगळ्यांकडे ड्राइव्ह नाही, सगळ्यांकडे कॉम्प्युटर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना वेळ नाही. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल, जे २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले, त्यांनी त्याआधी या भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठीची चळवळ केली होती. सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून सगळ्यांनी मिळून धान्य ठेवायचे आणि अडल्या वेळी उचलायचे. त्याच रीतीची कोठी आपण तबकड्यांसाठी काढावी, अशी आमची सूचना आहे. गावातल्या वाचनालयाने किंवा संघटनेच्या कचेरीने एक कॉम्प्युटर, दोन ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. रविवारी सकाळी कॉलेजची चार पोरे बसवावीत. ज्याची तबकडी त्याने समोर बसून उतरवून न्यावी.

त्यात तीन पथ्ये पाळावीत. घरगुती चित्रण हे त्या घराचे. मालकाच्या, आणि विशेषतः घरातल्या बायांच्या परवानगीवाचून त्याची प्रत कोठीत ठेवू नये, कोणाला दाखवू नये. संघटनेच्या आणि गावाच्या सार्वजनिक प्रसंगांची प्रत मात्र कोठीत राहावी आणि ती कोणालाही पाहता यावी. आणि तबकडी उतरली म्हणून मूळ तबकडी भंगारात घालू नये. ती उभी, डबीत, कोरड्या जागी ठेवावी. खर्च फार नाही. एका गावजेवणाच्या भाजीच्या खर्चात हे सारे बसते.

घाटातला मजूर नाव न ठेवता गेला, कारण त्याचे कोणी काही टिपलेच नाही. तुमचे टिपलेले आहे. ते तुमच्या ट्रंकेत आहे आणि वर्षागणिक फिके पडत आहे. उद्या घरी गेल्यावर ती पिशवी काढा, तबकड्या मोजा, घरची शूटिंग आणि सिनेमे वेगळे करा, आणि त्यांतली सर्वांत जुनी, घरात भरलेली तबकडी घेऊन येत्या रविवारी आमच्या कचेरीत या. यंत्र आम्ही लावून ठेवतो.